मदतीआधीची विचारपूस

मिझोरामच्या सीमेवर म्यानमारहून आणखी काही हजार माणसं आली, दार्फूरमधल्या बाया-मुलं चालत चाडमध्ये शिरली, अशी बातमी झळकली की दोन-तीन दिवसांत सोसायटीच्या, मंडळाच्या, माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर तेच ते प्रश्न सुरू होतात. कपडे गोळा करायचे का? ट्रक कुठपर्यंत जातो? डॉक्टर मित्र आठवडाभर जाऊन आला तर चालेल का? पैसे दिले तर पोचतात का? आणि शेवटी, जरा दबक्या आवाजात, हे कायद्यात बसतं ना?

या सगळ्यांना उत्तरं आहेत. पण ‘काय पाठवायचं’ हा प्रश्न पहिला नव्हे. तिथे माणसं किती, कोण, त्यांच्याजवळ आधीच काय आहे आणि त्यांना स्वतःला काय हवंय, हे कळल्याशिवाय त्या प्रश्नाला हात घालू नये. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. मच्छीमारांच्या बायकांना त्यातलं फारच थोडं अंगावर घालण्याजोगं वाटलं. ‘गूंज’ या संस्थेने त्यातले ट्रकच्या ट्रक उचलून, धुऊन, त्यातून मासिक पाळीसाठीच्या कापडी पट्ट्या केल्या, म्हणून ते कापड कारणी लागलं. देणाऱ्यांची नियत चांगली होती, फक्त कुणी विचारलं नव्हतं. ती त्सुनामी होती. यादवी युद्धातून पळालेल्यांच्या बाबतीत न विचारण्याची किंमत याहून मोठी असते.

तुम्ही घरबसल्या पैसे देणार असाल, एखाद्या संस्थेमार्फत काम करणार असाल किंवा स्वतः जाणार असाल, तिघांनाही पुढचं उपयोगी पडेल. घरबसल्या देणाऱ्याने यातले प्रश्न संस्थेला विचारावेत, जाणाऱ्याने स्वतःला.

आधी ठरवा, बोलताय कुणाबद्दल

देशाची सीमा ओलांडून आलेला तो निर्वासित. आपल्याच देशात घरदार सोडावं लागलं तो अंतर्गत विस्थापित. हा फरक कागदी वाटतो, पण मदतीचा रस्ता त्यावरच ठरतो.

मिझोराममध्ये हे दोन्ही एकाच वेळी आहेत. १ फेब्रुवारी २०२१ला म्यानमारच्या लष्कराने सत्ता बळकावली, त्यानंतर चिन प्रांतातून आलेले तीस हजारांहून अधिक लोक. २०२२च्या अखेरीपासून बांगलादेशातल्या चितगाव डोंगरी भागातून आलेले बॉम जमातीचे लोक. आणि मे २०२३मध्ये मणिपूर पेटल्यावर तिथून आलेले कुकी-झो. यांतले मणिपूरचे लोक भारताचे नागरिक आहेत. त्यांच्याकडे आधार आहे, बँकेत खातं आहे, शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालते. त्यांच्या खात्यात पैसे टाकता येतात. म्यानमारच्या कुटुंबाला तेवढेच पैसे द्यायचे तर खातं नाही, सिमकार्डसुद्धा दुसऱ्याच्या नावावर. म्हणून ‘मिझोरामच्या छावण्यांना मदत’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या छावण्या आणि कोणाच्या, हे आधी विचारा.

पहिले दिवस: पाणी, गोवर, मृत्यू

जुलै १९९४मध्ये रवांडातलं यादवी युद्ध आणि वंशसंहार यांच्या शेवटी लाखो लोक काही दिवसांत सीमेपलीकडच्या गोमा शहरात लोटले. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची. शौचाचे खड्डे खणता येईनात. प्यायला किवू सरोवराचं पाणी. पहिल्या महिन्यात सुमारे पन्नास हजार माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. जगभरातून मदत आली होती, संस्था होत्या, विमानं उतरत होती. तरी पाणी आणि शौचालय मागे राहिलं.

गोमाची धास्ती घेतलेल्या संस्थांनी १९९७मध्ये एकत्र येऊन ‘स्फिअर’ नावाची किमान निकषांची पुस्तिका करायला घेतली. आज मदतकार्यातला प्रत्येक जण तिचाच आधार घेतो. तिच्यातले हे आकडे टिपून ठेवा:

- माणशी रोज निदान १५ लिटर पाणी, पिण्याला, स्वयंपाकाला आणि धुण्याला धरून. नळ घरापासून ५०० मीटरच्या आत, रांग अर्ध्या तासापेक्षा जास्त नको.
- एका नळामागे फार तर २५० माणसं, एका हातपंपामागे ५००.
- २० माणसांमागे एक शौचालय. अगदी सुरुवातीला ५० माणसांमागे एक चालवून घेतात, पण तेवढंच.
- निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा.
- रोजचा आहार माणशी २१०० कॅलरींचा.
- सहा महिन्यांपासून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवरची लस. दाटीवाटीच्या छावणीत गोवर मुलं मारतो, त्यामुळे याला थांबायचं नसतं.

हे आकडे मोजायला यंत्रसामग्री लागत नाही. नळापाशी तासभर उभे राहा. किती हंडे, किती कॅन भरले ते मोजा, त्यांची मापं बघा, नळ दिवसातून किती तास सुरू असतो ते बायांना विचारा आणि त्या नळावरच्या माणसांच्या संख्येने भागा. नऊ लिटर निघाले, तर ट्रकमध्ये बिस्किटांचे खोके भरण्याआधी पाण्याच्या टाकीचा विचार करायचा हे उघड आहे.

मृत्यूंचा हिशेब याहून कठीण. दहा हजारांमागे दिवसाला एक मृत्यू ही आणीबाणीची रेषा, पाच वर्षांखालच्या मुलांत दोन. म्हणजे पाच हजारांच्या छावणीत दहा दिवसांत पाच मृत्यू झाले, तरी धोक्याची घंटा. पण मृत्यू सांगितला की कार्डावरचं नाव कमी होणार, शिधा कमी होणार, ही भीती असते. म्हणून अनुभवी कार्यकर्ते घरोघरीच्या नोंदींवर विसंबत नाहीत. ते दफनभूमीत जातात आणि ताज्या कबरी मोजतात. लहान कबरी वेगळ्या मोजतात.

डोकी मोजताना

छावणीचा म्होरक्या आकडा सांगतो, गावातला अधिकारी दुसरा सांगतो, संस्थेच्या पत्रकात तिसरा असतो. युगांडात दक्षिण सुदान आणि काँगोतून आलेल्यांची संख्या १४ लाखांच्या आसपास धरली जात होती. २०१८मध्ये बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांची छायाचित्रं घेऊन पडताळणी केली तेव्हा ती ११ लाखांच्या घरात निघाली. फुगलेल्या आकड्याचा फटका बसतो तो खऱ्या निर्वासितांना, कारण त्यानंतर देणाऱ्यांचा विश्वास उडतो.

उलटही घडतं. मिझोराममध्ये पुष्कळ चिन कुटुंबं छावणीत राहतच नाहीत. नातलगांकडे, भाड्याच्या खोलीत, चर्चच्या आवारात राहतात. मिझो आणि चिन मुळात एकाच वंशाचे, भाषा जवळची, सीमा त्यांच्या मधून गेलेली. छावणीत जाऊन याद्या करणाऱ्याच्या हाती ही घरं लागत नाहीत. तीच सगळ्यात जास्त कर्जात असण्याचा संभव असतो, कारण त्यांना घरभाडं भरावं लागतं.

मुलांच्या बाबतीत मात्र अंदाजावर राहू नका. आपल्या अंगणवाडी सेविका वापरतात तीच दंडघेराची पट्टी इथेही चालते. सहा महिने ते पाच वर्षांचं मूल, डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मधे पट्टी, ना घट्ट ना सैल. ११५ मिलिमीटरच्या खाली आली तर मूल तीव्र कुपोषित, त्याच दिवशी उपचाराला. ११५ ते १२५ मध्ये असेल तर मध्यम. वजनकाटा लागत नाही, वीज लागत नाही, आणि एका दिवसाच्या सरावाने आईसुद्धा ती लावू शकते. पाहणीत तीव्र आणि मध्यम मिळून शंभरातली पंधरा मुलं निघाली, तर नेहमीचा शिधा पुरेसा नाही असं समजायचं.

विचारायचं कसं आणि कुणाला

छावणीत पाहुणे आले की प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या जातात. समोर चार-पाच पुरुष बसतात, त्यातला इंग्रजी येणारा बोलतो. तासाभरात ‘गरजांची यादी’ तयार. तिच्यात बहुधा तंबू, औषधं, शाळा आणि रस्ता असतो. मासिक पाळीचं कापड नसतं, आंघोळीचा आडोसा नसतो, रात्री शौचाला जायला कंदील नसतो, चालता न येणाऱ्या म्हाताऱ्याला शिधा कोण आणून देतो हे नसतं. बायांशी बायांनीच, पुरुष जवळ नसताना बोलायचं. अपंग, एकटे म्हातारे, आईबापांविना आलेली मुलं आणि छावणीतल्या अल्पसंख्य जमाती, यांच्याकडे आपण होऊन जायचं. दुभाषा निवडताना तो कोणत्या गटाचा आहे हे आधी तपासा. यादवी युद्धातून आलेल्या माणसांत भांडणही सोबत आलेलं असतं.

‘तुम्हाला काय हवंय?’ या प्रश्नाला माणूस तुम्ही काय देऊ शकता याचा अंदाज बांधून उत्तर देतो. त्यापेक्षा असे प्रश्न जास्त कामाचे:

- काल घरात काय शिजलं, किती वेळा, आणि कोण उपाशी झोपलं?
- मिळालेल्या शिध्यातलं काय विकलंत? का विकलंत?
- सरपण कुठून आणता, कोण जातं, किती वेळ लागतो?
- रात्री कुठे जायची भीती वाटते?
- उसने पैसे कशासाठी घेतलेत?
- घरात रोज औषध घेणारं कुणी आहे का? ते कधी संपतंय?

दुसरा प्रश्न पुष्कळांना आवडत नाही. ‘दिलेलं धान्य विकतात’ ही तक्रार म्हणून ऐकवली जाते. प्रत्यक्षात ती सगळ्यात उपयोगाची माहिती असते. दार्फूर आणि पूर्व चाडच्या छावण्यांत वर्षानुवर्षं अख्खी ज्वारी वाटली गेली. ज्वारी दळावी लागते, गिरणीवाला पैसे घेतो किंवा धान्यातलाच वाटा घेतो. पैसे नाहीत, म्हणून बाया ज्वारीचा एक भाग विकून उरलेली दळून आणायच्या. कागदावर २१०० कॅलरी भरत होत्या, ताटात भरत नव्हत्या. गरज होती दळणाच्या पैशांची, आणि ‘आम्हाला दळणाचे पैसे द्या’ असं कुठल्याही बैठकीत कोण म्हणणार?

सरपणाचंही तेच. तांदूळ-डाळ दिली, ती शिजवायची कशावर हे कुणी पाहिलं नाही. दार्फूरमध्ये छावणीबाहेर लाकडं आणायला गेलेल्या बायांवर हल्ले आणि बलात्कार झाले, तेही वारंवार. पुरुष गेले तर मारले जातील, बाया गेल्या तर ‘फक्त’ बलात्कार होईल, असा हिशेब घराघरांत होत होता. कमी लाकडात पेटणाऱ्या चुली वाटण्याच्या योजना तिथे पुढे आल्या त्या त्यामुळे. एका चुलीने हल्ले थांबत नाहीत, पण आठवड्याच्या चार फेऱ्यांच्या दोन झाल्या तरी फरक पडतो.

काही गोष्टी न बोलताही कळतात, फक्त फेरफटका मारायला हवा. जॉर्डनमध्ये सीरियातल्या निर्वासितांसाठी २०१२मध्ये झातारी छावणी उघडली. संस्थांनी सामाईक स्वयंपाकघरं आणि सामाईक शौचालयं बांधली. लोकांनी ती उखडली. नळ, पत्रे, विटा आपापल्या तंबूकडे नेले आणि घरच्या घरी मोरी आणि चूल मांडली. बाहेरून आलेल्यांना ही मोडतोड वाटली. खरं तर परक्या पुरुषांच्या देखत स्वयंपाक करायचा नाही, रात्री शंभर पावलं चालून शौचाला जायचं नाही, हे बायांचं म्हणणं त्यात अगदी स्पष्ट दिसत होतं. तुम्ही पाहणीला गेलात तर मोडलेल्या, उचलून नेलेल्या आणि न वापरलेल्या वस्तूंची वेगळी यादी करा.

दोन पथ्यं कटाक्षाने पाळा. पहिलं, जे करणार नाही त्याबद्दल विचारू नका आणि आशा लावू नका. दुसरं, नावं आणि फोटो. निर्वासिताचं गाव, टोळी, सैन्यातून पळून आलेला भाऊ, ही माहिती चुकीच्या हाती गेली तर मागे राहिलेल्यांचा जीव जाऊ शकतो. बांगलादेशात रोहिंग्यांची नोंदणी करताना गोळा केलेला तपशील म्यानमार सरकारकडे पोचला होता, हे ‘ह्यूमन राइट्स वॉच’ने २०२१मध्ये उघड केलं. फेसबुकवर टाकण्यासाठी शिधा घेणाऱ्या बाईचा चेहरा टिपण्याची काही गरज नाही.

वस्तू, कूपन की रोख

इथे मतभेद होतात, पण कसोटी साधी आहे. जवळच्या बाजारात माल आहे का आणि निर्वासितांना तिथे जाता येतं का? दोन्ही असेल तर पैसे द्या.

लेबनॉनमध्ये २०१३-१४च्या हिवाळ्यात सीरियन कुटुंबांना रोख मदत दिली गेली. तिच्या अभ्यासात दिसलं की दिलेल्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिक बाजारात दोन डॉलरहून जास्त उलाढाल झाली. दुकानदार खूश, कुटुंबाला हवं ते मिळालं, आणि गोदाम, ट्रक, हमाली यांचा खर्च वाचला. पैसे दारूत जातील ही शंका आपल्याकडे हमखास निघते. लोक मुख्यतः अन्न, भाडं, औषध आणि कर्जफेड यांवरच खर्च करतात, असं पाहण्यांतून पुन्हा पुन्हा दिसलंय.

वस्तू कधी? बाजारच नसेल तेव्हा. एप्रिल २०२३मध्ये सुदानचं लष्कर आणि ‘आरएसएफ’ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटल्यावर पश्चिम दार्फूरमधल्या अल जिनैनातून लोक चाडच्या आद्रे गावात आले. मूळ वस्ती चाळीस हजारांच्या आसपास, वर दोन लाखांहून अधिक निर्वासित. एवढ्यांना पुरेल इतका माल त्या गावच्या बाजारात आणायचा कुठून? तिथे धान्य, ताडपत्री, पाण्याचे कॅन, मच्छरदाण्या बाहेरूनच आणाव्या लागतात. कूपन हा मधला मार्ग. दुकानं थोडी आहेत आणि भाव चढण्याची भीती आहे, तेव्हा तो बरा.

महाराष्ट्रातून वस्तूच पाठवायच्या असतील तर तिथल्या संस्थेकडून लेखी यादी मागवा आणि भाड्याचा हिशेब करा. पुण्याहून मिझोरामच्या चंफाईपर्यंत ट्रकने ब्लँकेटं नेण्यापेक्षा गुवाहाटी किंवा ऐझॉलला विकत घेतलेली स्वस्त पडतात, आणि तिथल्या थंडीला चालतील अशी असतात. बालकांसाठी दुधाची पावडर आणि बाटल्या मात्र कुणी मागितल्या तरी पाठवू नका. अशुद्ध पाण्यात ते दूध पाजलं की जुलाब ठरलेले, आणि अंगावर पाजणाऱ्या आईचं दूधही त्यामुळे आटतं. आई नसलेल्या तान्ह्यांची सोय आरोग्य पथकाने बघायची असते.

डॉक्टर आणि समुपदेशकांसाठी

आठवडाभराच्या शिबिराचा उपयोग फार थोडा. गोळ्या वाटून गाडी निघून जाते, रक्तदाबाचा रुग्ण पुढच्या महिन्यात पुन्हा गोळ्यांविना. सीरियन निर्वासितांनी जगाला हे नीट दाखवून दिलं. ती माणसं मध्यम उत्पन्नाच्या देशातून आली होती. त्यांना कॉलऱ्यापेक्षा मधुमेह, हृदयविकार, डायलिसिस यांची चिंता होती आणि मदतसंस्थांच्या औषधपेट्यांत प्रतिजैविकं भरपूर, इन्सुलिन अपुरं. म्हणून पेटी भरण्याआधी त्या भागात युद्धापूर्वी कोणते आजार होते ते वाचा.

जायचंच असेल तर निदान काही महिने देता येतील अशा बेताने, प्रस्थापित संस्थेमार्फत जा. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ भारतातून डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ, हिशेबनीस, पाणी-स्वच्छतेचे अभियंते अशा सगळ्यांची भरती करते. शल्यविशारदांची गरज कधी कशी उसळते पाहा: जून २०२३मध्ये आद्रेच्या रुग्णालयात तीन दिवसांत आठशेहून अधिक जखमी आले, बहुतेक गोळी लागलेले.

मोठं काम नेहमी मोठ्या साधनांनी होतं असं नाही. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, तेव्हा बनगावच्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रुग्ण जमिनीवर ओळीने पडले होते आणि सलाइन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांची मापून पाकिटं बांधली, ती पाण्यात घालून पिंपात भरून ठेवली आणि रुग्णांच्या नातलगांनाच पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३०% पर्यंत जाऊ शकत होतं, ते तिथे ३.६% वर आलं. आज जलसंजीवनी म्हणून घराघरात ठाऊक असलेल्या उपायाची मोठ्या प्रमाणावरची ही पहिली कसोटी निर्वासितांच्या छावणीने घेतली.

समुपदेशकांना एकच विनंती. पहिल्या भेटीत ‘काय झालं ते सगळं सांगा’ म्हणून खपली काढू नका. आधी झोप, सुरक्षित जागा, घरच्यांचा फोन लागतो का, मुलांना खेळायला जागा आहे का. बोलायचं असेल त्याचं ऐका. बलात्कार झालेल्या बाईला मात्र ७२ तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू व्हायला हवीत. तिला न खोदता, गुपचूप, तिच्या संमतीने दवाखान्यापर्यंत नेणं हे समुपदेशनाइतकंच मोलाचं.

यजमान गावाचं काय?

निर्वासित आले की गावात मजुरी उतरते, भाडी चढतात, विहिरीवर रांग लागते. पहिल्या महिन्यात घरातलं काढून देणारं गाव वर्षभराने कुरकुरू लागलं तर नवल नाही. युगांडात यावर उपाय म्हणून मदतीतला साधारण ३०% वाटा यजमान वस्तीसाठी ठेवण्याचं धोरण आहे. बोअरवेल घेतली तर ती दोघांची. मिझोराममध्ये सुरुवातीला खरा भार उचलला तो चर्च, यंग मिझो असोसिएशन आणि ग्रामपरिषदांनी. मार्च २०२१मध्ये केंद्राने येणाऱ्यांना रोखा असं कळवलं, तरी त्या वेळचे मुख्यमंत्री झोरामथांगा यांनी नकार दिला, कारण राज्यातलं लोकमत निर्वासितांच्या बाजूचं होतं. तुम्ही पैसे देत असाल तर या स्थानिक मंडळींना डावलून देणारी संस्था निवडू नका.

कायदा काय म्हणतो

भारताने १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. कायद्याच्या लेखी ते परदेशी नागरिक. १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्टनुसार परदेशी व्यक्तीला ठेवून घेणाऱ्या रुग्णालयांवर, शिक्षणसंस्थांवर आणि निवासस्थानांवर तशी माहिती नोंदणी अधिकाऱ्याला देण्याची जबाबदारी आहे. म्हणून स्वतःच्या घरात किंवा संस्थेच्या वसतिगृहात कुणाला ठेवण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या.

तरी ते हक्कहीन नाहीत:

- घटनेचं १४ आणि २१ कलम ‘व्यक्ती’ला संरक्षण देतं, केवळ नागरिकाला नाही. १९९६मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्यांच्या जीविताचं रक्षण करायला सांगितलं.
- मे २०२१मध्ये मणिपूर उच्च न्यायालयाने म्यानमारच्या सात जणांना दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयापर्यंत जाऊ देण्याचा आदेश दिला. मात्र रोहिंग्यांच्या प्रकरणात त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रीतसर प्रक्रियेने परत पाठवायला मनाई केली नाही. म्हणजे एका निकालावर विसंबून कुणाला भरवसा देऊ नका.
- सहा ते चौदा वर्षांच्या सर्व मुलांना शिक्षणाचा हक्क आहे.

मिझोरामला जायला भारतीयांनाही इनर लाइन परमिट लागतो, तो आधी काढा. अन्न, औषध, कपडे देणं वेगळं आणि कुणाला सीमा ओलांडायला मदत करणं, खोटे कागद मिळवून देणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीच्या वाटेलाही जाऊ नका.

पैसे देण्याआधी

परदेशातल्या मराठी वाचकांचा गोंधळ इथे जास्त होतो. तुमचा पासपोर्ट भारताचा असेल आणि पैसे बँकेतून येत असतील, तर भारतीय संस्थेला दिलेली देणगी ‘परदेशी योगदान’ ठरत नाही. पासपोर्ट अमेरिका-ब्रिटनचा असेल, मग ओसीआय कार्ड असो वा नसो, ती ठरते. मग संस्थेकडे परदेशी योगदान कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी हवी आणि पैसे तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच जायला हवेत. असे पैसे ती संस्था दुसऱ्या संस्थेला वळते करू शकत नाही, त्यामुळे ‘मोठ्या संस्थेला देतो, ती छोट्यांना वाटेल’ हा बेत बसत नाही. देशातल्या देणगीदारांनी ८०-जीची सवलत जुन्या करपद्धतीतच मिळते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला मिळत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

संस्थेला तीन गोष्टी विचारा. गरजांची पाहणी कधी, कुणी केली? मागच्या वाटपानंतर लोकांशी पुन्हा बोललात का? आणि तक्रार करायची सोय काय? तिसरा प्रश्न औपचारिक वाटेल, पण गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनच्या निर्वासित छावण्यांतल्या मुलींकडून मदतीच्या बदल्यात शरीरसंबंधांची मागणी होत होती, आणि मागणारे मदतकार्यातलेच लोक होते, हे २००२मध्ये उघड झालं. वाटपाच्या जागी ‘ही मदत मोफत आहे, कुणाला काहीही देऊ नका’ अशी पाटी त्यांच्या भाषेत लावलेली हवी, आणि तक्रार ऐकणारी व्यक्ती वाटप करणारी नको.

सहा महिन्यांनंतर

बातमी संपते, देणग्या आटतात आणि नेमक्या तेव्हाच गरजा पालटतात. आता ताडपत्री फाटलेली असते. मुलांना शाळेचा दाखला हवा असतो. मिझोराम सरकारने २०२१मध्येच निर्वासित मुलांना सरकारी शाळांत घेण्याच्या सूचना दिल्या, पण वह्या, गणवेश आणि दुसऱ्या भाषेतून शिकणाऱ्यांसाठी जादा तास यांचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. तरुणांना काम हवं असतं. पाहणी पुन्हा करा, तेच प्रश्न घेऊन, आणि आधीच्या उत्तरांशी ताडून बघा.

याच टप्प्यावर एक काम अगदी थोड्या खर्चात होतं आणि बहुधा राहून जातं: भारतात जन्मलेल्या बाळांची नोंद. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आईबापांचं नागरिकत्व बघत नाही. जन्म २१ दिवसांच्या आत कळवला तर नोंदीला शुल्क पडत नाही. दाखल्याने बाळ भारतीय ठरत नाही, पण ते कुठे, कधी आणि कुणाच्या पोटी जन्मलं याचा पुरावा राहतो. उद्या म्यानमारला परतायची वेळ आली तर तोच त्याचा एकमेव कागद असू शकतो. तुमच्या संस्थेचा एक कार्यकर्ता महिन्यातून दोनदा बाळंतिणींची यादी घेऊन निबंधकाच्या कार्यालयात जाऊ शकत असेल, तर त्याचा प्रवासखर्च देणगीतून वेगळा काढून ठेवा.